कमळ एक, पल्लव पाच

करपल्लवी! नाव तरी किती देखणं! मी धाराशिव जिल्ह्यातला, तुळजाभवानी आमचं कुलदैवत, घरातलं एकही लग्न गोंधळाशिवाय पार पडलं नाही. तरी ही विद्या परवा पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिली. तुळजापुरात, नात्यातल्याच गोंधळात. संबळ थांबली. एका गोंधळ्याने यजमानाकडून हळूच एक नाव कानात ऐकून घेतलं आणि चौकापलीकडच्या जोडीदाराकडे पाहत नुसती बोटं नाचवली. तोंडातून चकार शब्द नाही. जोडीदार लगेच म्हणाला, "कमल!" मांडवात एकच गलका!

मला कुठला धीर? आरती होताच म्हाताऱ्या गोंधळ्याला गाठलं. "मामा, हे शिकवाच!"

सापाच्या फण्यासारखा हात केला की स्वर. कमळ दाखवलं की क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार ट, तरू त, पल्लव प, यौवन य, शृंगार श. खुणेचं पहिलं अक्षरच वर्ग सांगतं! मग जितकी बोटं, तितकावं अक्षर; मात्रा चुटक्यांनी. आता 'कमल' करा. कमळ, एक बोट : क. पल्लव, पाच बोटं : प, फ, ब, भ, म! यौवन, तीन बोटं : य, र, ल! अख्खी वर्णमाला हातावर, आणि शाळेत आम्ही ती छड्या खात घोकली.

तेव्हापासून गुप्त बोलींचं वेडच लागलंय. जुन्या व्यापाऱ्यांची नंदभाषा घ्या. केवली एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, आणि रुपया म्हणजे भुरका. गिऱ्हाईक समोर उभं असताना 'मुळू भुरके' म्हणायचं, त्याला पत्ताही नाही! हे शब्द रोजच्या मराठीत का नसावेत? 'भुरका' तर मी वापरायला लागलोसुद्धा.

आमच्या घरात होती ती साधी च-ची भाषा. पाहुण्यांसमोर आई आजीला सांगायची, "चखरसा चपलीसं." साखर संपली! (चहाची मात्र पंचाईत; त्याचं होतं 'चहाच', ते कुठल्याही पाहुण्याला कळतं.) पण करपल्लवीपुढे ही बालवाडीच.

तुमच्याकडे गोंधळ ठरला असेल तर गोंधळ्यांना करपल्लवी दाखवायचा आग्रह धरा. येत असेल तर ते आनंदाने दाखवतील. आणि पोरांना पुढे बसवा.