मोरीचे पाणी

ईदच्या दिवशी आमच्याकडून शेजारी शिरखुर्म्याचे भांडे जाते. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासूनची ही रीत. ते भांडे कधी रिकामे परत येत नसे. त्यात मूठभर आमसुले असत, चार अंडी असत, काही नसले तर एखादा नारळ. या वर्षी मात्र ते धुऊन-पुसून रिकामे आले. अम्मींनी ते फडताळात ठेवले आणि एकदा माझ्याकडे पाहिले. बोलल्या काहीच नाहीत. कारण आम्हा दोघींनाही ठाऊक होते.

आमचे घर दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. पुढे अंगण, मागे विहीर, दहा-बारा नारळी आणि एका बाजूला जांभ्या दगडाचा गडगा. गडग्यापलीकडे शेजाऱ्यांचे परस. आमच्या मोरीचे पाणी चरातून त्या गडग्याखाली जायचे आणि त्यांच्या परसात साचायचे. पूर्वी पाणी विहिरीतून शेंदावे लागे, तेव्हा ते जपून वापरले जाई. मग पंप बसला, कपडे धुण्याचे यंत्र आले आणि शेजारचे डबकेही वाढत गेले. आमच्या बाजूने ते दिसत नव्हते, म्हणून आम्हाला ते सलतही नव्हते.

मागच्या वर्षी भाद्रपदात शेजारच्या मुलाला डेंगी झाला. चार दिवस तो दवाखान्यात होता. तो घरी आल्यावर शेजारचे दादा गडग्याशी येऊन म्हणाले, "भाभी, तुमच्या मोरीचं पाणी बंद करा. त्या घाणीनंच पोर आजारी पडलं."

मी शिक्षिका. चूक दिसली की लाल पेन हातात येते. मी म्हटले, "दादा, डेंगीचा डास गटारात होत नाही. तो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आधी तुमची पिंपं बघा."

माझे म्हणणे शास्त्राला धरून होते. पण चार रात्री मुलाच्या उशाशी बसून आलेल्या बापाला मी ते ऐकवले. "मुलगा कसा आहे?" हे विचारायचे राहून गेले. आणि डेंगीचे सोडा, त्या डबक्यात दुसरे डास होतच होते. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो. ते मला माहीत होते, पण त्या वेळी मी ते सोयीस्करपणे गिळून टाकले.

या नोव्हेंबरात एका शुक्रवारी रात्री जेवताना अम्मी म्हणाल्या, "माझ्या हयातीत ते पाणी थांबवा. शेजाऱ्याचा हक्क डोक्यावर घेऊन मला जायचं नाही."

शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी घरी आले, तर यांनी शोषखड्ड्याची जागा आखून ठेवली होती. विहिरीपासून पन्नास फुटांहून लांब, गडग्याच्या अलीकडे, तीन फूट लांब, तीन फूट रुंद. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे करून उघडी गटारे बंद केल्याचे मी वर्गात कितीदा तरी सांगितले होते. माझ्याच घरी खड्डा नव्हता.

फूटभर माती सहज निघाली. पुढे कातळ लागला. कुदळ नुसती वाजू लागली. आमच्याकडे पहार नव्हती. ती कोणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, पण जाणार कोण? शेवटी आठ वर्षांचा धाकटा गडग्यावर चढला आणि ओरडला, "काका, पहार द्या ना!" मोठ्यांचा अबोला त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. पहार आली. बरोबर माणूस आला नाही.

रविवारी भरणी. तळाशी मोठे दगड, त्यावर लहान, मग खडी आणि मधोमध मडके. मडक्याला खालच्या बाजूने भोके पाडताना धाकट्याने पहिले मडके फोडले. अम्मींनी काही न बोलता आपला जुना माठ आणून दिला. त्यात नारळाच्या शेंड्या भरल्या, म्हणजे खरकटे त्यात अडकते आणि नुसते पाणी खाली मुरते. शेंड्या मात्र अधूनमधून काढून बदलाव्या लागतात. मोरीपासून माठापर्यंत पाईप टाकला, वर पोती अंथरून माती ओढली आणि गडग्याचे निसटलेले चिरे परत बसवले.

अकरा वर्षांच्या लेकीकडे आठवड्याच्या 'कोरड्या दिवसा'चे काम होते. सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, झाकायची. न्हाणीमागून तिने हाक मारली, "मम्मी, हे बघ."

कोपऱ्यात जुने पिंप होते. पावसाळ्यात पागोळीचे पाणी त्यात भरलेले, वरून स्वच्छ. आत अळ्या वळवळत होत्या. या अळ्या मागच्या वर्षीच्या नव्हत्या, हे उघड आहे. पण पिंप मागच्या वर्षीही तिथेच होते. "आधी तुमची पिंपं बघा" असे दादांना सांगणारी मी, माझे पिंप कधी पाहिलेच नव्हते.

लेकीने ते जमिनीवर पालथे केले. मी हात धुतले आणि पहार परत द्यायला स्वतः गेले. दादा ओटीवर बसले होते. मी म्हटले, "दादा, मागच्या वर्षी मी बोलले ते चुकलं. आमच्याच पिंपात अळ्या निघाल्या. पाणीही आता तुमच्याकडे येणार नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहार ठेवायची होती अजून. आमच्याकडेही खड्डा मारायचाय." वहिनी दारातच उभ्या होत्या. मी विचारले, "मुलगा कसा आहे?" सव्वा वर्ष उशिराच विचारले, पण त्यांनी उत्तर दिले. नीट, सविस्तर दिले.

वर्गात बरोबर उत्तराला गुण देण्यात माझी वीस वर्षे गेली. पण उत्तर बरोबर असले म्हणून शेजाऱ्याचा हक्क फिटत नाही. तो फिटायला आमच्या घरी दोन दिवस, एक खड्डा आणि अम्मींचा माठ लागला.

सोमवारी संध्याकाळी शेजारून ताटली आली. नव्या तांदळाची घावने, वर केळीचे पान. मुलांनी ती उभ्या उभ्याच संपवली. अम्मींनी ताटली धुऊन पुसली आणि मला विचारले, "बोल, यात घालून काय पाठवू या?"