आत्याची शिकवणी

बारावीच्या फिजिक्सच्या पेपरवर सूचना असायची: लॉगटेबल चालेल, कॅल्क्युलेटर नाही. जेईईला दोन्ही नाही. म्हणून क्लासमध्ये साइन-कोसाइनचा लांबलचक तक्ता पाठ करायला दिला होता. तो माझ्या हातात बघून आत्या म्हणाली, "ठेव तो. मटार घे सोलायला."

आत्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेली. तिची फी म्हणजे भाजी निवडून देणं. पहिल्याच दिवशी तिने माझा डावा पंजा पसरायला लावला. करंगळी शून्य, अनामिका तीस, मधलं पंचेचाळीस, तर्जनी साठ, अंगठा नव्वद. हवं ते बोट मिटायचं. करंगळीच्या बाजूला उरतील तेवढ्या बोटांचं वर्गमूळ काढून निम्मं केलं की साइन. अंगठ्याच्या बाजूने कोसाइन.

"आणि ३७ अंश आले तर?"

"पेपर काढणाऱ्यालाही आकडेमोडीचा कंटाळा असतो गं." ३-४-५ च्या त्रिकोणातला धाकटा कोन ३६.८७ अंशांचा, म्हणून उतारावरचा ठोकळा नेहमी सदतीसवर ठेवलेला. साइन ०.६, कोसाइन ०.८. दोन किलोचा ठोकळा, जी दहा धरला, की उताराच्या दिशेने बारा न्यूटन. पेन उचलायचीही गरज नाही.

मला खरी मजा आली ती बत्तीस अंशांना. "तिसावर उभी राहा आणि दोन पावलं चाल," ती म्हणाली. एक अंश म्हणजे ०.०१७५ रेडियन, दोनाचे ०.०३५. त्याला कोसाइन तीसने, म्हणजे ०.८६६ ने गुणलं की ०.०३० ची भर. उत्तर ०.५३०. लॉगटेबल उघडून पाहिलं तर ०.५२९९! डेरिव्हेटिव्ह कशाला शिकायचं हे मला कॉलेजात नाही, मटारांच्या ढिगासमोर कळलं.

तक्ता पाठ करूनही मार्क पडलेच असते, हे कबूल. पण आता मी सोलर पॅनेलच्या कामात आहे. पुण्यात साडेअठरा अंशांचा उतार द्यायचा, तर दोन मीटरचं पॅनेल मागून किती उचलायचं, हे फॅब्रिकेटर गच्चीवरून फोनवर विचारतो, आणि मी "चौसष्ट सेंटीमीटरला जरा कमी" असं सांगून मोकळी होते. पक्का आकडा नंतर ड्रॉइंगवर जातो.

मध्यंतरी आर्यभटाची, इ.स. ४९९ च्या आर्यभटीयातली, ज्यासारणी वाचनात आली. त्रिज्या ३४३८ कला, पहिला कंस २२५ कलांचा आणि त्याची ज्याही २२५! लहान कोनाला साइन म्हणजे कोनच, हे तेव्हाही चालत होतं. त्याच रात्री आत्याला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. पुढचा कंस ४५० चा आणि ज्या ४४९. साडेसात अंशांपाशी एक कमी पडतो, तो बघितलास का?"