पेटी

गेली वीस वर्षे मी वर्गात आशय आणि आकृतिबंध यांच्याविषयी बोलत आलो आहे. आशय तेवढा कसदार हवा, आकृतिबंध त्याच्या मागून निमूटपणे येतो, असे माझे मत. हे मत मी इतक्या वेळा सांगितले आहे, की ते खरे आहे की नाही याचा विचार करण्याची गरजच मला वाटेनाशी झाली आहे. पण मुले मोठी झाली म्हणजे बापाची मते अशी सुखाने नांदू देत नाहीत.

आमचे चिरंजीव यंदा इंजिनिअरिंगला गेले. खेळ खेळता येतील असा संगणक स्वतःच्या हातांनी जुळवायचा, हा त्यांचा दोन वर्षांचा ध्यास. काही पैसे त्याने शिकवण्या करून साठविले, काही आजीने बक्षीस म्हणून दिले, उरलेली भर मी घालायची असा तह झाला. प्रोसेसर आला, मदरबोर्ड आला, ग्राफिक्स कार्ड नावाची एक लांबलचक वस्तू आली. (तिची किंमत ऐकून आमची ही पाच मिनिटे काही बोलली नाही. आमच्या घरात हा विक्रम आहे.) हा सगळा ऐवज गादीवर मांडून झाल्यावर तो म्हणाला,

"बाबा, आता फक्त कॅबिनेट राहिलं."

"म्हणजे वरची पेटीच ना? कसलीही आण."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी ओळखतो. शुद्धलेखनाला एवढे काय महत्त्व, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याकडे मीही तसाच पाहतो.

शनिवारी आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याला डॉ. भडकमकरांचे नाव दिलेले आहे, पण ते पाटीवरच राहिले. दुकानात शिरलो मात्र, आणि माझी वीस वर्षांची तपश्चर्या भंगली. समोर एक पेटी होती. पुढून काच, बाजूने काच, आणि आत तीन पंखे सप्तरंगी उजेड पाडीत फिरत होते. किंमत सात हजार. आमच्यापाशी होते साडेतीन.

"हीच घेऊ या. वरचे मी देतो," मी म्हटले. असे बोलण्याची संधी मला वर्षातून एखादे वेळीच मिळते.

चिरंजिवांनी पुढच्या काचेवर तळहात टेकला. "बाबा, इथून वारा कुठनं शिरणार?"

मग भर दुकानात माझी शिकवणी झाली. ग्राफिक्स कार्ड दोनशे वॅटपर्यंत वीज खाते, आणि खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. म्हणजे शंभराचे दोन जुने दिवे एका बंद कपाटात लावल्यासारखे! पुढच्या पंख्यांनी गार हवा आत ओढायची, ती कार्डावरून आणि प्रोसेसरवरून जायची, आणि मागच्या पंख्याने तापलेली हवा बाहेर टाकायची. वाट अडली की आतले सामान तापते, आणि फार तापले की ते आपण होऊन आपला वेग कमी करते. दहा बाय बाराच्या खोलीत माझे बालपण गेले. खिडकीसमोर दार उघडे नसले तर ऑक्टोबरात काय होते, हे मला वेगळे सांगायला नको होते.

दुकानदाराने मग दुसरे टोक गाठले. दीड हजाराची पेटी, वर एसएमपीएस फुकट! मुलाने तिच्या पत्र्यावर अंगठा दाबला. पत्रा आत गेला आणि टण्णकन बाहेर आला. फुकटचा एसएमपीएस बिघडला तर गादीवरचे सगळे घेऊन जाईल, म्हणून तो त्याने आधीच निराळा आणि चांगल्यापैकी घेतला होता. नंतर खिशातून हिची शिवणाची टेप निघाली. कार्ड सव्वीस सेंटीमीटर, प्रोसेसरवरचा कूलर साडेपंधरा. पेटीत दोन्ही मावायला हवीत.

शेवटी एकतीसशेची काळी पेटी ठरली. पुढून सगळी जाळी, तिच्यामागे १२० मि.मी.चे दोन पंखे, पाठीला एक, धुळीसाठी काढून धुता येईल अशी चाळण. दिवा एकही नाही. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात दूधदुभत्याचे जाळीचे कपाट होते, त्याची धाकटी बहीण शोभावी अशी.

"शिवाय ही टिकेल, बाबा. मदरबोर्डची मापं इंटेलनं १९९५ मध्ये ठरवली, ती अजून चालतात. पुढं आतलं सगळं बदललं तरी पेटी हीच."

आशय बदलतो आणि आकृतिबंध टिकतो! हे मी वर्गात कसे सांगणार?

रात्री जेवणे झाल्यावर जुळणीला सुरुवात झाली. माझ्याकडे स्क्रूची वाटी आणि त्याची वही एवढेच काम होते. वायरींचा क्रम वाचून दाखवायचा. पान शोधताना जूनमधले एक पान उघडले. त्यावर पेन्सिलीने एक पेटी काढली होती. खाली लिहिले होते, 'पुढे जाळी, बाजूला काच, ६८००.' म्हणजे वाराही आणि शोभाही, अशी पेटी मिळत होती तर! त्यावर शाईची आडवी रेघ होती आणि बाजूला ऑगस्टची तारीख.

मी तासिका तत्त्वावर शिकवितो. कॉलेज जूनमध्ये उघडले, पण माझ्या नेमणुकीचा कागद यंदा ऑगस्टमध्ये हाती आला, आणि त्यात तास गेल्या वर्षीपेक्षा कमी होते. हे मुलासमोर बोलायचे नाही असे आम्हा दोघांचे ठरले होते. आमच्या घराच्या भिंती मात्र पातळ आहेत.

"बाबा, तीन नंबरला काय लिहिलंय?"

मी पान उलटले आणि तीन नंबरचे वाचून दाखविले.

बाराच्या सुमारास संगणक सुरू झाला. ही झोपेतून उठून आली, पेटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "एवढा खर्च केलात, मग बाजूला जरा काच तरी घ्यायची. आत काय आहे ते दिसलं असतं."

"आत बघण्यासारखं काही नसतं गं आई," तो म्हणाला. "बाबा, तुम्ही मागं हात धरून बघा."

मी पेटीच्या पाठीशी तळहात धरला. कोमट वारा येत होता.