मयूरेश्वरचा माळ आणि घरचा श्वान

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुला ओलांडून मोरगावच्या वाटेला लागले, की दौंड तालुक्यातील उसाची हिरवाई मागे पडते आणि सुप्याजवळ कोरडा गवताळ माळ लागतो. तेथेच सुमारे ५ चौरस किलोमीटरचे मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य चिंकारांसाठी प्रसिद्ध आहे.

सुटीच्या दिवशी सहकुटुंब निघताना अनेकदा घरचा श्वानही मोटारीत बसतो. त्याला साखळीने धरले म्हणजे पुरे, असा समज असतो. परंतु चिंकारा मादी आपल्या पाडसाला गवतात दडवून चरायला जाते. पाडस निश्चल पडून राहते. मातकट रंगामुळे ते नजरेस पडत नाही. श्वानाच्या नाकापासून मात्र लपत नाही. टिटवीची अंडी तर उघड्या जमिनीवरच असतात. शिवाय श्वानाच्या विष्ठेतील पार्व्हो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. खोकड आणि लांडगा हे श्वानकुळातीलच असल्याने त्यांना त्याची बाधा होऊ शकते. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांचे बळी घेणारा डिस्टेंपर हाही मुळात श्वानांमध्ये आढळणारा रोग आहे.

म्हणून श्वानाला त्या दिवशी घरीच, ओळखीच्या माणसाच्या हवाली करावे. प्रवेशद्वाराबाहेर उन्हात बंद मोटारीत कोंडू नये. हिवाळ्यातील सकाळी, शांतपणे माळ पाहावा. घरच्या मुक्या जीवावरील माया गवतातील अनोळखी पाडसापर्यंत पोहोचणे, हीच जीवदया होय.