धर्माचा रकाना

‘पोटासाठी बाटला’ हा शेरा आपल्या मराठी घरांतून इतक्या सहजपणे उच्चारला जातो की, तो पडताळून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. आमच्या अंगणात तुळस आहे आणि आम्हीही तो ऐकतच वाढलो. परंतु मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात जी ख्रिस्ती माणसे भेटली, त्यांच्या चरित्रांत पोटाची सोय शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. आमच्या बेळगावातच १८३१ साली जन्मलेले, ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी घ्या, बाप्तिस्मा घेतला आणि जातीचा आधार तुटला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर १८९५ साली ख्रिस्ती होऊन गणगोत गमावले, आणि १९१७ साली मिशनची पगारी चाकरीही सोडून दिली.

तथापि आम्हांस टिळकांहून लक्ष्मीबाईंचा विचार अधिक करावासा वाटतो. निर्णय टिळकांचा होता. त्याची किंमत मात्र प्रथम त्यांनी मोजली. पती मुंबईस ख्रिस्ती झाले आणि पदरी लहान मूल असलेली ही बाई नातलगांच्या आश्रयास राहिली. दुसऱ्याच दिवशी बाप्तिस्मा घेतला असता तर संसार सावरला असता. पतीचे नाव टाकले असते तर नातलगांनी पाठीवरून हात फिरवला असता. दोन्ही सोयी हाताशी होत्या. त्यांनी एकही घेतली नाही. पुढे पतीजवळ राहू लागल्या तेव्हाही सोवळे सांभाळले, आणि आपल्या मनाला पटले तेव्हाच, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. मधल्या पाच वर्षांना आम्ही श्रद्धेचाच भाग मानतो. टिळकांच्या निधनामुळे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पूर्ण केले, यात मग नवल वाटत नाही.

हे सारे जुने झाले असे वाचक म्हणतील. पण मुख्याध्यापकाच्या टेबलावर ते दर जूनमध्ये नव्याने येते. प्रवेशाच्या रजिस्टरात धर्म आणि जात असे दोन रकाने असतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरताच ठेवला गेला. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे दलित कुटुंबाने ‘ख्रिस्ती’ हा शब्द लिहिला की अनुसूचित जातींची शिष्यवृत्ती, वसतिगृहातील जागा, पुढे नोकरीतील आरक्षण, सारे एका ओळीत पुसले जाते. अन्य काही सवलती मिळतात. त्या तोलाच्या नव्हेत. अस्पृश्यतेचा जाच धर्म बदलल्याने थांबतो असे कायदा समजतो. गावाने तसे समजल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणून रविवारी उपासनेस जाऊन रजिस्टरात ‘हिंदू’ लिहविणाऱ्या बापास आम्ही कधी दूषण दिले नाही. उपाशी माणसाच्या सत्यनिष्ठेची परीक्षा पोटभर जेवलेल्याने घेऊ नये.

अशाच एका जूनमध्ये एक गवंडी आपल्या मुलीस घेऊन आला. त्याच्या भावाची मुले आमच्याच शाळेत, जुन्या जातीच्या नोंदीवर शिकत होती. “ख्रिस्ती लिहा, गुरुजी,” तो म्हणाला. आम्ही लेखणी थांबवून काय काय जाईल ते मोजून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. “पोरगी रोज रात्री देवाला बाप म्हणते. सकाळी शाळेत येऊन बापाचं नाव लपवायला मीच शिकवू का?” यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. आम्ही लिहिले.

पुढची वर्षे त्या ओळीची होती. चुलतभावंडांची शिष्यवृत्ती येई त्या दिवशी मुलगी बाकावर मान खाली घालून बसे. वसतिगृह न मिळाल्याने रोज एसटीने दोन तास जात. बाप वह्यापुस्तकांचे पैसे हप्त्याहप्त्याने देई; नोटांना सिमेंट लागलेले असे. त्याचा निश्चय आम्हांस आदरणीय वाटे, पण त्या खाली घातलेल्या मानेकडे पाहून मन साशंक होई. लक्ष्मीबाईंसारखाच हिलाही निर्णय कोणी विचारला नव्हता.

दहावी झाल्यावर ती शाळा सोडल्याचा दाखला नेण्यास एकटीच आली. दाखला हाती पडल्यावर नोंद बदलणे किती अवघड, हे आम्ही तिला मुद्दाम सांगितले आणि कागद पुढे सरकवून म्हटले, “नीट वाचून पाहा. काही बदलायचे असल्यास आजच सांग.”

तिने बोट ठेवून एकेक रकाना वाचला. धर्माच्या रकान्यापाशी बोट क्षणभर थांबले, मग पुढे गेले.

“आईच्या नावात वेलांटी चुकलीय, गुरुजी.”

आम्ही दुरुस्त करून सही केली. बसची वेळ झाली होती. ती धावतच निघाली.