शिकाऱ्याची निवड : रुद्रप्रयाग ते कालाढुंगी

बदरीनारायणाच्या यात्रेस निघालेला महाराष्ट्रीय गृहस्थ हृषीकेश सोडल्यावर बहुधा दोनच गोष्टींची चिंता वाहतो : पुढे कोठे दरड कोसळली नाही ना, आणि रात्रीच्या मुक्कामी ऊन पाणी मिळेल ना. आम्हीही ह्यास अपवाद नव्हतो. गेल्या ज्येष्ठात आम्ही, आमचे कुटुंब, धाकटे बंधू, भावजय व त्यांचे चिरंजीव असे पाच जण ह्या यात्रेस गेलो होतो. देवप्रयागी अलकनंदा-भागीरथीच्या संगमाचे दर्शन घेतले, श्रीनगर मागे टाकले आणि रुद्रप्रयागच्या किंचित अलीकडे गुलाबराई येथे चहासाठी मोटार थांबविली. तेथे रस्त्याच्या कडेला जिम कॉर्बेट ह्यांचे छोटेसे स्मारक आहे. ह्याच ठिकाणी २ मे १९२६ च्या रात्री त्यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला.

१९१८ पासून आठ वर्षांत त्या बिबट्याने १२५ माणसे खाल्ली अशी सरकारी नोंद आहे. केदार-बदरीची वाट त्याच्याच मुलखातून जात असल्यामुळे पायी चालणारे यात्रेकरू सूर्य मावळण्यापूर्वी चट्टीवर पोहोचण्यासाठी जीव मुठीत धरून धावत. आपल्यापैकी कित्येकांचे पणजे-आजे त्या वाटेने गेले असतील.

आमचा पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. कॉर्बेटांची पुस्तके त्याने गाडीत वाचून संपविली होती. स्मारकापुढे उभा राहून तो म्हणाला, “काका, एक कोडे सुटत नाही. कॉर्बेटांपाशी .४५०/४०० ची भारी दुनळी रायफल होती. मग अशा भयंकर जनावरासाठी त्यांनी .२७५ ची हलकी रायफल का घ्यावी?”

ज्या घरात मांसाचा तुकडाही शिजत नाही, तेथील मंडळींनी रायफलींची चर्चा करावी ह्याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु प्रश्न मोठा मार्मिक होता, आणि त्याचे उत्तर देता देता आमच्याच घरातील एक जुनी गोष्ट आम्हांस उघड करावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ही मापे काय आहेत ते सांगितले पाहिजे. रायफलीचे कॅलिबर म्हणजे स्थूलमानाने तिच्या नळीचा आतील व्यास. इंग्रजी पद्धतीत तो इंचाच्या अंशांत सांगतात. .२७५ म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. जर्मनीच्या माउझर कारखान्याचे ७ मिलिमीटरचे काडतूस लंडनच्या रिग्बी कंपनीने ह्या नावाने विकले. त्याची गोळी १४० ग्रेनांची, म्हणजे अवघी ९ ग्रॅमची. .४५०/४०० ह्या नावाचा अर्थ असा की, .४५० च्या काडतुसाचे तोंड आवळून त्यात .४०० ची गोळी बसविलेली असते. ही गोळी ४०० ग्रेनांची, सुमारे २६ ग्रॅमची. वेगाने हलकी गोळी वरचढ असली, तरी नळीतून सुटताना भारी गोळीची शक्ती तिच्या जवळजवळ पावणेदोनपट भरते. ह्या नावांमागे राजकारणही आहे. गेल्या शतकाच्या आरंभी सरकारने .४५० मापाच्या रायफलींना हिंदुस्थानात बंदी केली, कारण त्या मापाच्या जुन्या लष्करी बंदुका बंडखोरांच्या हाती होत्या व त्यांना काडतुसे मिळू नयेत असा हेतू होता. .४५०/४०० ची गोळी .४०० चीच असल्यामुळे ती ह्या बंदीतून सुटली.

आता निवडीचा प्रश्न. जनावर कोणते, हा त्यातील पहिला विचार. बिबट्या पन्नास ते सत्तर किलोंचा, कातडी पातळ. त्यास ९ ग्रॅमची मऊ टोकाची गोळी पुरून उरते, कारण ती अंगात शिरताच फुलते. चितळासही तीच पुरे. सांबर दोनशे किलोंच्या पुढे जाते. त्यास किंचित भारी गोळी बरी. अमेरिकेत हरणे व एल्क ह्यांसाठी १९०६ सालची .३०-०६ आजही लोकप्रिय आहे, ती ह्याच मधल्या वर्गातील. गवा, रानरेडा व हत्ती ह्यांची गोष्ट निराळी. तेथे हाडामांसाच्या भिंतीतून खोल जाणारी, संपूर्ण धातूच्या वेष्टनाची जड गोळी लागते. आफ्रिकेतील अनेक देशांच्या कायद्याने अशा धोकादायक जनावरांसाठी .३७५ हे किमान माप ठरविले आहे.

“मग मोठीच रायफल सर्वांत चांगली म्हणायची!” पुतण्याने तर्क लढविला.

तसे असते तर निवडीचा प्रश्नच उरला नसता. भारी रायफल साडेचार-पाच किलोंची, हलकी साडेतीनच्या आसपास. दिवसभर चढउतार केल्यावर हा फरक खांद्यास कळतो. शिवाय भारी रायफलीचा धक्का सोसण्याची सवय नसेल, तर चाप ओढण्यापूर्वीच डोळा मिटतो, हात थरथरतो आणि गोळी जेथे जावी तेथे जात नाही. स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल ह्यांनी आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले आणि त्यांतील बहुसंख्य ह्याच ७ मिलिमीटरच्या रायफलीने. हत्तींच्या कवट्या कापून मेंदू नेमका कोठे असतो ह्याचा त्यांनी अभ्यास केला होता. त्यांचा नेम व त्यांचे ज्ञान ज्याच्यापाशी नाही, त्याने त्यांची रायफल उचलणे म्हणजे आत्मघातच. सारांश, आपला नेम, अंतर, जनावर व गोळीची जात ह्या चारांचा मेळ बसला की रायफल योग्य ठरते.

गुलाबराईला कॉर्बेट आंब्याच्या झाडावर मचाण बांधून रात्रीमागून रात्री बसले होते. खाली बकरी बांधलेली. रायफलीला विजेरी जोडली होती. बकरीच्या गळ्यातील घंटा वाजली, विजेरीचा झोत बिबट्याच्या खांद्यावर पडला, चाप ओढला गेला आणि त्याच क्षणी विजेरी विझली. दुसरा बार काढण्याची सोयच उरली नाही. नेम हलू न देणाऱ्या हलक्या रायफलीची एक गोळी तेथे पुरी पडली.

बदरीनारायणाचे दर्शन घेऊन परतताना आम्ही कर्णप्रयागाहून गढवाल सोडून कुमाऊँकडे वळलो आणि गैरसैण, द्वाराहाट, राणीखेत असा प्रवास करीत नैनीतालास पोहोचलो. पुतण्याच्या हट्टास्तव तेथून खाली कालाढुंगीस जाणे झाले. देवदारांचा गारवा मागे पडून सालवृक्षांचे रान सुरू होते, तेथे डोंगराच्या पायथ्याशी कॉर्बेटांचे हिवाळ्यातील घर आहे. १९४७ च्या अखेरीस ते बहिणीसह आफ्रिकेत केनियास गेले व १९५५ साली तेथेच वारले. आता त्या घरात वनखात्याने संग्रहालय केले आहे. जुनी छायाचित्रे व वापरातील वस्तू पाहताना मन शांत होते. ती .२७५ मात्र येथे नाही. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल नायब गव्हर्नर सर जॉन ह्यूएट ह्यांनी ती कॉर्बेटांस भेट दिली होती. आता ती तिच्या निर्मात्यांकडे परत गेली आहे; २०१६ साली ती काही दिवस कुमाऊँत आणून लोकांस दाखविण्यात आली.

ह्याच रायफलीने १९३० च्या एप्रिलात कॉर्बेटांचा जीव वाचविला. चौगढच्या नरभक्षक वाघिणीचा माग काढताना त्यांनी एका पक्ष्याची दोन अंडी डाव्या हातात धरली होती. वळून पाहतात तो वाघीण चार पावलांवर बसलेली! उजव्या हाताने रायफल तसूतसूने फिरवीत त्यांनी एकहाती बार काढला. पुढे ह्या यशाची कारणे सांगताना त्यांनी हलकी रायफल हे एक कारण स्पष्टपणे नोंदविले आहे. भारी दुनळी असती तर ती एका हाताने फिरली नसती.

पुतण्याचे समाधान झाले. परंतु आमचे मन चंपावतच्या वाघिणीपाशीच अडकले होते. त्या वाघिणीने नेपाळात व कुमाऊँत मिळून ४३६ माणसे मारली असे मानतात. ती पडल्यावर कॉर्बेटांनी तिचे तोंड उघडून पाहिले, तो उजवीकडचे वरचे व खालचे दोन्ही सुळे तुटलेले. बंदुकीच्या जुन्या जखमेने तिला तिचे नेहमीचे भक्ष्य मारणे अशक्य केले होते. ती गोळी कोणी घातली, कोणत्या बंदुकीने घातली, हे कोणासही ठाऊक नाही. जनावर निसटले म्हणून तो शिकारी हळहळला असेल आणि घरी जाऊन जेवला असेल. त्या एका बाराचे देणे शेकडो घरांनी फेडले.

संग्रहालयाच्या व्हरांड्यात बसून आम्ही पुतण्यास म्हणालो, “बाळ, आपल्या ओसरीवर सांबराची शिंगे आहेत ना, त्यांची गोष्ट आज ऐक.”

अमरावतीच्या आमच्या वाड्यात ती शिंगे आमच्या लहानपणापासून आहेत. सरकारदरबारी त्यांची रीतसर नोंदही आहे. आमच्या आजोबांचे धाकटे बंधू मेळघाटात जंगलखात्यात नोकरीस होते. ब्राह्मणाच्या घरात एकच शिकारी निपजला, म्हणून त्यांचे फार कौतुक. आल्यागेल्यास ती शिंगे दाखवून धाकट्या आजोबांचा पराक्रम सांगण्याची आमच्या घरात प्रथाच पडली होती. पुतण्यानेही तो शाळेतील निबंधात लिहिला होता.

खरा प्रकार असा. १९३६ च्या सुमारास त्यांनी ते सांबर संध्याकाळच्या अंधुक उजेडात दूरवरून टिपले, तेही बारा बोअरच्या दुनळी बंदुकीत मोठे छर्रे भरून. छर्ऱ्याची बंदूक जवळच्या, लहान जनावरासाठी. दोनशे किलोंच्या सांबरास एवढ्या अंतरावर ती जखमी करते, मारीत नाही. हे त्यांस ठाऊक होते. रायफल मुक्कामी राहिली होती आणि तेवढ्यासाठी परतण्याचा त्यांस कंटाळा आला. रक्ताचा माग अंधारात हरवला. बरोबरच्या कोरकू वाटाड्याने तिसऱ्या दिवशी नाल्यात ते सांबर मेलेले पाहिले. पाण्याच्या काठापर्यंत ते आले होते, पण खाली वाकून पाणी पिण्याची शक्ती त्यास उरली नव्हती, असे त्याने सांगितले. धाकट्या आजोबांनी बंदूक सरकारजमा केली, शिंगे घरी आणली आणि आपल्या बैठकीसमोर टांगावयास लावली. लोकांनी तो विजयाचा देखावा समजून घेतला. ते कधी काही बोलले नाहीत. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांनी आम्हांस जवळ बोलावले व एवढी हकीकत सांगितली. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. पुढे आम्हीच ती दडवून ठेवली. घराच्या अभिमानास धक्का लावण्याचे धैर्य आमच्यात नव्हते.

पुतण्या बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने एवढेच विचारले, “त्यांच्याजवळ योग्य रायफल होती, मग?”

“होती. मुक्कामी.”

आता आपल्या देशात शिकारीस बंदी आहे आणि ती असणेच इष्ट आहे. तरीही जेथे कायद्याने शिकार चालते, तेथील शिकाऱ्याने आपली रायफल निवडताना आकडे जरूर पाहावेत; परंतु त्या आकड्यांच्या पलीकडच्या टोकास एक जीव आहे, आणि त्याच्या मागे वाटेवरची अनोळखी माणसेही असू शकतात, हे विसरू नये.

गणपतीत वाड्यात पुष्कळ मंडळी जमली होती. नागपूरच्या एका पाहुण्यांनी शिंगांकडे पाहून नेहमीचा प्रश्न केला, “कोणी मारले हो हे?” आम्ही उत्तर देण्याच्या आत पुतण्या म्हणाला, “आमच्या धाकट्या पणजोबांनी जखमी केले होते. मेले ते तिसऱ्या दिवशी.”

पाहुणे चपापले. वडील मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. आम्ही पुतण्याजवळ सरकून बसलो आणि पाहुण्यांस ती सर्व हकीकत पहिल्यापासून सांगितली.