सुरांची राखण

मारेगावच्या परिसरात कापसाची वेचणी आटोपत आली, की देवळातील भजन रात्री अधिक वेळ रंगू लागते. यवतमाळ जिल्ह्यातील हा तालुका काळ्या जमिनीचा. दिवसभर कापसाच्या नाही तर सोयाबीनच्या शेतात राबलेली माणसे जेवणे उरकून सभामंडपात जमतात. कोणी पेटीचा भाता सोडतो, कोणी हातोडीने तबल्याचे गठ्ठे ठोकून सूर जुळवतो, कोणी टाळांची दोरी मनगटाला गुंडाळतो. मग खंजिरी खणखणते आणि दिवसाचा शीण उतरू लागतो. विदर्भाला भजनाचे वेड पूर्वीपासूनचे. परंतु ह्या प्रांतात खंजिरीला घरोघरी मान मिळवून दिला तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. त्यांचा जन्म १९०९ चा. १९३५ मध्ये त्यांनी अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि १९६८ मध्ये त्यांनी देह ठेवला. आजही त्यांच्या पुण्यतिथीला गावोगावची भजनी मंडळे आपापली वाद्ये घेऊन मोझरीला जातात.

भजन संपले, की वाद्ये देवळातील लाकडी पेटाऱ्यात जातात. ह्या पेटाऱ्याचा मालक कोण, असे विचारले तर कोणालाही चटकन उत्तर देता येत नाही. पेटी वर्गणीतून आलेली असते. कापूस विकल्यावर कोणी पाचशे रुपये दिलेले असतात, निंदणाला जाणाऱ्या एखाद्या बाईने वीस रुपये दिलेले असतात. आणि मंडळाच्या वहीत दोघांचीही नावे एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत लिहिलेली असतात. तबल्याची जोडी एखाद्याने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली असते. म्हणून पेटाऱ्याची किल्ली एकाच्या कमरेला असली, तरी आतील सूर साऱ्या गावाचा असतो.

अशाच एका गावी पावसाळ्यात झड लागली. तीन दिवस पाऊस थांबला नाही. देवळाच्या टिनाला एक लहानसे भोक होते. ते सर्वांना ठाऊक होते, आणि सर्वांना ठाऊक होते म्हणूनच कोणी ते बुजवले नव्हते. चौथ्या दिवशी पेटारा उघडला, तेव्हा पेटीच्या भात्याचे पुठ्ठे सुटून आले होते. पट्ट्या फुगून दाबल्या त्या खालीच बसत होत्या. डग्ग्याच्या पुडीवर पांढरी बुरशी धरली होती. शिवाय टाळांचा एक जोड सापडेना. वादक मंडळी पेटाऱ्याभोवती उभी राहिली. कोणी कोणाला बोल लावला नाही, पण कोणी कोणाकडे पाहिलेही नाही.

त्या रात्री बैठक बसली. वणीला नोकरी करणारा एक तरुण म्हणाला, “आपण वाद्यांचा विमा का उतरवू नये?” मंडळाच्या एका वृद्ध सदस्यांनी हसून विचारले, “पेटीचाबी इमा असते काय रे बाबू?”

म्हाताऱ्यांचे हसणे गैर नव्हते. शेतकऱ्याला विमा नवा नाही. २०१६ मध्ये पंतप्रधान पीकविमा योजना सुरू झाल्यापासून पिकाच्या विम्याची चर्चा पारावर होतेच. बैलाचा विमा, दुचाकीचा विमा, माणसाचा विमा हेही परिचयाचे. पण पेटीला न खायला लागते, न प्यायला. ती आजारी पडत नाही, रस्त्यावर धावत नाही. तिचा विमा कोण उतरवणार? वस्तुस्थिती अशी, की सर्वसाधारण विमा कंपन्या मौल्यवान वस्तूंची आग, चोरी, अपघात ह्यांपासून जोखीम पत्करतात, आणि त्या वस्तूंत वाद्यांचाही समावेश होऊ शकतो.

विम्याची मूळ कल्पना साधी आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड ह्या गृहस्थाचे एक कॉफीगृह होते. तेथे जहाजांचे मालक, कप्तान आणि व्यापारी जमत. समुद्रात एखादे जहाज बुडाले, की मालक धुळीला मिळे. म्हणून अनेकांनी मिळून जोखीम वाटून घ्यावी, प्रत्येक जहाजाने प्रवासापूर्वी थोडी रक्कम द्यावी आणि जे बुडेल त्याची भरपाई त्यातून व्हावी, असा व्यवहार तेथे चाले. त्या कॉफीगृहातूनच पुढे ‘लॉइड्स’ ही जगप्रसिद्ध विमासंस्था उभी राहिली. खेड्यातील माणसाला ही रीत परकी वाटू नये. ऐन पेरणीत कोणाचा बैल मेला, तर शेजारी आपली जोडी देतातच. फरक एवढाच, की विम्यात शेजारी अनोळखी असतात आणि बोलणे सारे कागदावर असते.

त्या कागदावर काय असते, हे मात्र नीट वाचावे लागते. तरुणाने विमापत्राचा एक नमुना आणून बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा हसणे थांबले. वाद्ये जुनी होऊन झिजली, कसर किंवा वाळवी लागली, हवेतील ओलाव्याने हळूहळू बिघडली, वाजवता वाजवता तार तुटली किंवा कातडे फुटले, तर सहसा भरपाई मिळत नाही. विमा अचानक कोसळणाऱ्या संकटासाठी असतो. रोजच्या झिजेसाठी नसतो. चोरी झाली, तर पोलिसांत फिर्याद द्यावी लागते, आणि कुलूप किंवा दार फोडल्याची खूण आहे की नाही, हेही पुष्कळदा पाहिले जाते. मग त्या हरवलेल्या टाळांचे काय? कुलूप तर शाबूत होते. “म्हणजे ते कोणाच्या तरी घरीच असतील,” असे एकजण म्हणाला, आणि बैठकीत थोडा वेळ शांतता पसरली. छताच्या भोकाविषयीही कंपनीचा सर्वेक्षक प्रश्न विचारणारच. ठाऊक असलेले भोक न बुजवणे ह्याला विम्याच्या भाषेत निष्काळजीपणा म्हणतात. गावाच्या भाषेतही दुसरा शब्द नाही.

आणखी एक अट होती. विमा देवळात ठेवलेल्या वाद्यांचा असेल, तर ती टेम्पोत घालून मोझरीला नेताना वाटेत जे होईल त्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. प्रवासातील जोखीम वेगळी लिहून घ्यावी लागते. भजनी मंडळाची वाद्ये सर्वांत अधिक आदळतात ती प्रवासातच. ही गोष्ट तबलजींनी सांगितली. त्यांच्या डग्ग्याला पडलेले दोन पोचे टेम्पोतलेच होते.

किमतीचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. हप्ता कमी बसावा म्हणून वाद्यांची किंमत कमी लिहावी, असे कोणी सुचवले. तरुणाने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. वाद्यांची खरी किंमत ४०,००० रुपये असेल आणि विमा २०,००० रुपयांचाच उतरवला असेल, तर १०,००० रुपयांचे नुकसान झाल्यावर पुष्कळशा विमापत्रांप्रमाणे ५,००० रुपयेच मिळतात. कारण अर्ध्या किमतीचीच जोखीम कंपनीने घेतलेली असते. उलट, किंमत फुगवून लिहिली तरी फायदा नाही, कारण विम्यातून जेवढे नुकसान तेवढीच भरपाई मिळते. जुन्या वाद्याच्या किमतीतून घसाराही वजा होऊ शकतो. विम्याचा सारा व्यवहार खऱ्या माहितीवर उभा आहे. १७६६ मध्ये इंग्लंडमधील लॉर्ड मॅन्सफील्ड ह्या न्यायाधीशांनी एका गाजलेल्या खटल्यात हेच तत्त्व मांडले, की विमा करणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेली महत्त्वाची गोष्ट लपवता कामा नये. भोक, घसारा, टेम्पो, सारे सांगायचे.

पेटी दुकानातून आणलेली. तिची पावती वहीत डकवलेली होती. तबल्याची पावती नव्हती. अशा वेळी जाणत्या कारागिराकडून किमतीचा लेखी दाखला घेतात. उत्तम वाद्याची किंमत लाकूड आणि धातू तोलून ठरत नसते. मिरजेच्या तंबोऱ्याचेच पाहा. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो. तो वाळवून, कोरून, त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडून, जवारी लावून कारागीर त्यात प्राण ओततात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा तंबोऱ्याचे मोल भोपळ्याच्या बाजारभावाने कोण ठरवील?

मोठ्या मंडळांनी हा मार्ग केव्हाच धरला आहे. मुंबईत किंग्ज सर्कल येथील जी. एस. बी. सेवा मंडळाने २०२४ च्या गणेशोत्सवासाठी ४०० कोटी रुपयांहून अधिक रकमेचा विमा उतरवला होता. त्यात मूर्तीचे सोन्याचांदीचे दागिने होते आणि सेवेकरीही होते. मारेगावच्या पेटाऱ्यापुढे तो आकडा ऐकून वृद्ध सदस्यांनी कानांना हात लावला.

पण विम्याने वाद्य परत येते का? ह्या प्रश्नाचे उत्तर देणारी एक विलक्षण घटना घडली आहे. ब्रोनिस्लाव ह्युबरमन हे पोलंडचे थोर व्हायोलिनवादक. त्यांच्याजवळ इटलीच्या स्ट्राडिव्हरी ह्या कारागिराने १७१३ मध्ये घडवलेले व्हायोलिन होते. २८ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ते दुसरे व्हायोलिन वाजवीत असताना, आतल्या खोलीत ठेवलेले हे व्हायोलिन चोरीला गेले. लॉइड्सने त्यांना विम्याचे ३०,००० डॉलर दिले. ह्युबरमन १९४७ मध्ये वारले; त्यांचे वाद्य त्यांना पुन्हा दिसले नाही. इकडे ज्युलियन ऑल्टमन नावाचा एक वादक त्या व्हायोलिनवर काळा थर चढवून सुमारे ५० वर्षे ते लोकांसमोर वाजवीत राहिला. १९८५ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने पत्नीला खरी गोष्ट सांगितली. भरपाई दिल्यामुळे मालकी लॉइड्सकडे गेली होती. म्हणून व्हायोलिन त्या संस्थेच्या स्वाधीन झाले. आज ते जोशुआ बेल ह्या वादकाकडे आहे. पैसे मिळूनही ह्युबरमन यांच्या हाताला जे सुटले ते सुटलेच. तरीही असे म्हणावे लागते, की व्हायोलिन वाजत राहिले. ते लाकूड म्हणून जळले नाही.

वाराणसीत तेवढेही सुदैव नव्हते. भारतरत्न उस्ताद बिस्मिल्ला खाँ २००६ मध्ये वारले. त्यांच्या काही शहनाया घरच्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्या डिसेंबर २०१६ मध्ये चोरीला गेल्या. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी तपास लावला, तेव्हा चोरी घरातल्याच माणसाकडून झाल्याचे आणि चांदीच्या शहनाया सराफाकडे वितळवल्याचे उघड झाले. हाती आला तो चांदीचा गोळा. त्याचे वजन करता आले.

ह्या दोन्ही गोष्टी तरुणाने बैठकीत सांगितल्या. टिनाचे भोक दुसऱ्याच दिवशी बुजवायचे ठरले. पेटाऱ्याखाली विटा रचायच्या, आत कडुनिंबाचा पाला ठेवायचा आणि महिन्यातून एकदा वाद्ये उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर ठेवायची, असेही ठरले. कातडे कडक उन्हात फाटते, हे तबलजींनी दोनदा बजावले. पेटी वणीला दुरुस्तीला गेली. आणि विम्यासाठी यादी करायला वही उघडली गेली. पेटी एक. तबला-डग्गा जोडी एक. ढोलकी एक. टाळ नऊ जोड. हे लिहीत असतानाच दहावा जोड दारातून आत आला. एका घरी लग्नाच्या भजनाला नेलेला, तो तिथल्याच माळ्यावर राहिला होता. कोणी काही विचारले नाही. नवाच्या ठिकाणी दहा लिहिले गेले.

शेवटी खंजिरी राहिली. ती त्या वृद्ध सदस्यांची स्वतःची होती. तिच्या चौकटीचे लाकूड हाताच्या घामाने काळेभोर झाले होते आणि झांजांपैकी एक मूळची नव्हती. तिची किंमत काय लिहायची, असे तरुणाने विचारले. त्यांनी खंजिरी उलटसुलट करून पाहिली, जणू किंमत तिच्या मागच्या बाजूला लिहिलेली असावी. मग म्हणाले, “लिहू नको. हे माह्यासंगं घरी येते.”

वहीत खंजिरीचे नाव लिहिले गेले. तिच्यापुढचा किमतीचा रकाना कोरा ठेवला. बैठक उठली, पेटाऱ्याला कुलूप लागले आणि म्हातारबा खंजिरी धोतराच्या सोग्यात गुंडाळून चिखलातून घराकडे निघाले. पाऊल पडे तसतशा झांजा हलके वाजत होत्या.